अर्धा पुंडलीक



कीर्तन आटोपले, आरती झाली, पसायदान झाले, की कीर्तनकाराच्या पाया पडण्यास रांग लागते. त्या रांगेत एक प्रकार ठरलेला असतो. एखादा गृहस्थ आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे मनगट धरून पुढे येतो, त्याची मान दाबून त्याला वाकवितो आणि म्हणतो, “महाराज, याला जरा चार शब्द सांगा. आमचं काही ऐकत नाही.” मुलगा खाली पाहत असतो. आम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवतो, “आईवडिलांचं ऐकत जा रे,” म्हणतो, बुक्का लावतो, आणि रांग पुढे सरकते. बापाला वाटते काम झाले. आम्हालाही वाटते की धर्मकार्य घडले. पोराला काय वाटले, हे मात्र कोणी विचारीत नाही. मीही पुष्कळ वर्षे विचारले नाही. त्याचीच गोष्ट आज सांगावयाची आहे. ती माझ्या शहाणपणाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सन 2004 मधली गोष्ट. गोदाकाठच्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता आणि माझी सेवा सहाव्या दिवशी होती. ज्यांच्या घरी उतरलो होतो ते गृहस्थ तीन पिढ्यांचे वारकरी. चार एकर जमीन, एक विहीर, घरात माळेशिवाय माणूस नाही. त्यांचा थोरला मुलगा नुकताच दहावी झाला होता आणि मार्क चांगले होते. बापाची इच्छा, पोराने सायन्सला जावे आणि इंजिनियर व्हावे. पोराचे म्हणणे, आयटीआयला जातो, वायरमनचा ट्रेड घेतो. विहिरीवरची मोटर जळाली तर हा पोरगा ती स्वतः उघडून बसे. बापाला त्याची लाज वाटे. “खांबावर चढायला शिकवलं का तुला?” असे ते माझ्यादेखत म्हणाले. मुलगा काही बोलला नाही. दुपारी ते मला एकीकडे घेऊन म्हणाले, “महाराज, माझा शब्द तो ऐकत नाही, तुमचा ऐकंल. आज रात्रीच्या कीर्तनात जरा घ्या.”

मी घेतले. चांगलेच घेतले. पुंडलीकाचे आख्यान लावले. मातापित्यांची सेवा, प्रत्यक्ष परमात्मा दारात आला तरी पुंडलीकाने पाय चेपणे सोडले नाही, देवाला वीट फेकून दिली आणि उभे केले. आणि आजची मुले? बापाने एक शब्द सांगितला तर दहा शब्द उलट! असे म्हणत म्हणत माझी नजर मी त्या मुलावर नेली. सभा जाणती असते. साऱ्यांच्या माना तिकडे वळल्या. टाळकऱ्यांनी उचलून धरले, मृदंग घुमला, आणि तो मुलगा गर्दीत बसल्या जागी रडला. मला धन्य वाटले. कीर्तनाचा परिणाम झाला असे वाटले. दुसऱ्या दिवशी त्याने बापाच्या पायावर डोके ठेवले आणि सायन्सला जाण्यास कबूल झाला.

2006 साली तो बारावीत भौतिक आणि गणित या दोन विषयांत नापास झाला. निकाल लागला त्या रात्री घरातून निघून गेला. सात महिने पत्ता नव्हता. विहिरीत गळ टाकून पाहिले, नदीकाठ पाहिला, पोलिसांत कळविले. पुढे समजले की तो भोसरीकडे मोटर भरण्याच्या एका दुकानात राहत होता. जिवंत होता, एवढ्यावरच घराने देवापुढे साखर ठेवली.

मी त्या घरी गेलो तेव्हा तो अजून सापडलेला नव्हता. मुलाच्या आईने मला बोल लावला नाही. आमच्याकडच्या बायका साधूला बोल लावीत नाहीत. लावला असता तर बरे झाले असते. ताटात भाकरी वाढताना ती एवढेच म्हणाली, “महाराज, पोरगं तुमच्या कीर्तनात रडलं होतं. आम्हाला वाटलं, भक्तीनं रडलं.”

ती भाकरी मला गिळवली नाही.

त्या रात्री मी स्वतःलाच विचारले, मी खोटे काय सांगितले? पुंडलीक खोटा नाही. मातृपितृसेवा खोटी नाही. मग चुकले कोठे? विचार करता करता ध्यानात आले की मी त्या पोराला अर्धाच पुंडलीक सांगितला होता. विटेच्या अलीकडचा सांगितलाच नव्हता.

पुंडलीक जन्मतः भक्त नव्हता, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे, पण मुलांपुढे सांगताना आपण ते गडप करतो. तारुण्यात तो आईबापांचा छळ करणारा होता. काशीयात्रेला निघाला तेव्हा बायकोसह स्वतः घोड्यावर आणि म्हातारी आईबापे धुळीतून पायी. वाटेत कुक्कुट ऋषींचा आश्रम लागला. पुंडलीकाने त्यांना काशीची वाट विचारली. ऋषी म्हणाले, मी कधी गेलो नाही, मला ठाऊक नाही. आईबापांची सेवा सोडून ते कोठे गेलेच नव्हते. मग पहाटे त्याने पाहिले की मळक्या वस्त्रांच्या स्त्रिया आश्रमात आल्या, सडासंमार्जन केले, आणि स्वच्छ होऊन बाहेर पडल्या. त्या गंगा, यमुना, सरस्वती. यात्रेकरूंच्या पापांनी मळलेल्या त्या नद्या या सेवेकऱ्याच्या अंगणात शुद्ध होत होत्या. कथेचे पाठ निरनिराळे आहेत. काही पाठांत नद्या पुंडलीकाला चार कठोर शब्दही सुनावतात, आणि ते सुनावणे रास्तच होते. पण पाहा बरे, घोड्यावरून त्याला कोणी ओढून उतरविले काय? कुक्कुट ऋषींनी त्याला पुढ्यात बसवून प्रवचन झोडले काय? ते तर आपल्या आईबापांचे पाय चेपीत होते. पाहुण्याकडे वळून पाहण्यास त्यांना फुरसत नव्हती. पुंडलीक उतरला तो आपण होऊन उतरला. उतरला म्हणूनच पुढे देव आला तरी ढळला नाही. दुसऱ्याने उतरविलेला पहिल्या वळणावर पुन्हा घोड्यावर बसता.

आणि मी काय केले? चारशे माणसांसमोर त्या मुलाला ओढून उतरविला. बरे, तो घोड्यावर तरी कोठे होता? मोटर उघडून बसणारे, हाताला काळे लागलेले पोर ते. घोड्यावर होतो मी, आणि बापाची हौस.

ही अर्धवट सांगण्याची खोड केवळ माझी नाही. मी पाठशाळेत लहानाचा मोठा झालो. तेथे तैत्तिरीय उपनिषदाची शिक्षावल्ली पाठ होते. समावर्तनाच्या वेळी आचार्य शिष्याला घरी पाठविताना जो उपदेश करतात तो तीत आहे. आईला देव मान, बापाला देव मान, आचार्याला देव मान, अतिथीला देव मान, हा भाग सर्वांना ठाऊक असतो. शाळेच्या भिंतींवरही तो रंगविलेला असतो. पण त्याला लागूनच, श्वास न घेता, आचार्य काय म्हणतात ते भिंतीवर कोणी रंगवीत नाही. ते सांगतात की जी कर्मे निर्दोष तेवढीच करावीत, इतर नव्हेत. आणि आमचीसुद्धा जी आचरणे चांगली असतील तेवढीच तू घ्यावीस, इतर घेऊ नयेस. पाहा केवढे हे धैर्य! ज्या तोंडाने ‘मला देव मान’ म्हटले, त्याच तोंडाने ‘माझे सगळेच घेऊ नकोस, निवडून घे’ असेही म्हटले. देव मानावयाला सांगितले आणि निवडण्याचा अधिकारही दिला. त्यापुढे तर असेही आहे की कर्तव्याविषयी शंका आली, तर विचारी, समतोल आणि मनाने कठोर नसलेली धर्मनिष्ठ माणसे तेथे कशी वागतात ते पाहून वाग. म्हणजे शिष्याला शंका येणार, हे आचार्यांनी गृहीत धरले आहे. आपल्या घरात पोराला शंका आली की आपण तिला उलट उत्तर म्हणतो. मला स्वतःला पाठशाळेत ही वल्ली छडीच्या धाकाखाली पाठ करविली गेली आणि तिचा अर्थ वयाच्या चाळिशीनंतर कळला.

गीतेचेही तेच. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, त्रेसष्टाव्या श्लोकात, सारे ज्ञान सांगून झाल्यावर भगवंत निर्णय अर्जुनावर सोपवितात. सांगितलेल्याचा संपूर्ण विचार करावा आणि मग इच्छेस येईल तसे करावे, असा तेथील भाव. सांगणारा साक्षात परमात्मा, ऐकणारा शरण आलेला शिष्य, वेळ युद्धाची. हुकूम सोडण्यास याहून योग्य वेळ कोणती? तरी हुकूम नाही. आणि सोपविल्यावर भगवंत तोंड फिरवून बसले काय? नाही. पुढच्याच श्लोकात, तू मला अतिशय प्रिय आहेस म्हणून पुन्हा एकदा सांगतो, असे म्हणतात. शेवटी विचारतात, एकाग्र होऊन ऐकलेस ना, मोह गेला ना? आपणही मुलाला विचारतो, “ऐकलंस ना?” पण मोह गेला का, हे विचारीत नाही, कारण त्याला काही मोह, काही भय असेल, हेच आपल्या गावी नसते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे अर्जुनाने ठरविल्यावर भगवंतांनी त्याचा रथ सोडला नाही. शेवटपर्यंत त्याचे सारथी राहिले. सारथी पुढे बसतो. समोरून येणारा बाण त्याला आधी लागतो. आमच्या घरांत याच्या बरोबर उलट चालते. ठरविताना बाप रथात बसतो, आणि पोराचे चुकले की खाली उतरून म्हणतो, “तूच भोग.”

आता कोणी म्हणेल, महाराज, म्हणजे मुलांना मोकळे सोडावयाचे? मिसरूड न फुटलेल्या पोराच्या हाती लगाम द्यावयाचा? त्याला आपले आयुष्य काय कळते?

ज्या जागी उभे राहून आम्ही कीर्तन करतो तिला नारदांची गादी म्हणतात. त्या गादीच्या मूळ मालकांनी काय केले ते पाहू. भागवताच्या चौथ्या स्कंधात ध्रुव आहे. पाच वर्षांचे लेकरू. उत्तानपाद राजा उत्तमाला मांडीवर घेऊन बसला होता. ध्रुव चढू गेला, सुरुची टाकून बोलली, आणि बाप गप्प बसला. (सप्तम स्कंधात दुसरा बाप आहे, हिरण्यकशिपू. त्याने पोराला प्रेमाने मांडीवर घेतले, मस्तक हुंगले, काय शिकलास म्हणून विचारले. आणि उत्तर मनासारखे आले नाही तेव्हा मांडीवरून खाली फेकले. एकाने मांडी दिलीच नाही आणि दुसऱ्याने दिली ती उत्तर ठरवून. दोन्ही बाप आजही गावोगाव सापडतात. दुसरा जरा जास्त.) ध्रुव रानात निघाला, वाटेत नारद भेटले. नारदांनी लगेच मंत्र दिला का? नाही. आधी डोक्यावर हात ठेवला. मग त्याला परतविण्याचा खरा प्रयत्न केला. तुझे वय खेळण्याचे, या वयात मान काय आणि अपमान काय, ही वाट मुनींनाही कठीण, वय झाल्यावर पाहू, सगळे सांगितले. ध्रुवाने ऐकून घेतले आणि सरळ उत्तर दिले, की आपण सांगता ते चांगले आहे, पण माझे हृदय त्या शब्दांनी फाटले आहे, त्यात ते ठरत नाही. पाच वर्षांचे पोर देवर्षीला म्हणते, तुमचा उपदेश माझ्यात ठरत नाही! नारद रागावले नाहीत. प्रसन्न झाले. पोराचे मन कळले, निश्चय कळला. मग मात्र हात आखडता घेतला नाही. यमुनेच्या काठी मधुवनात जा, येथे स्नान कर, असा बैस, असे ध्यान कर, हा द्वादशाक्षरी मंत्र म्हण, असे बारीकसारीक सांगितले. ‘जा, तुला हवे ते कर’ म्हणून सोडून दिले नाही.

त्यानंतर नारद कोठे गेले, हे कीर्तनात बहुधा सांगायचे राहते. ते उत्तानपादाकडे गेले. तोंड का सुकले म्हणून विचारले, त्याला मन मोकळे करू दिले, त्याचा पश्चात्ताप ऐकला, आणि धीर दिला की पोराची काळजी करू नकोस, त्याला राखणारा आहे. मला त्या घरी याच कामासाठी नेले होते. बापाचा निरोप पोराकडे पोचविणे सोपे होते. पोराचा निरोप बापाकडे न्यावयाचा होता. मी पोराकडे जाऊन बसलोच नाही. अर्धा तास विहिरीवर त्याच्याजवळ बसलो असतो, तर त्याने मोटर उघडून दाखविली असती.

आता परतविणे कोठे आणि पाठविणे कोठे, याचा विवेक पाहिजे. पोरगा गांजा ओढू लागला, तोंडात गुटखा आला, मोबाइलवर पैसे लावून जुगार खेळू लागला, तर तेथे ‘इच्छेस येईल तसे कर’ लावावयाचे नाही. गीता आधी सतरा अध्याय सांगते आणि मग इच्छेची गोष्ट काढते. पोर बुडत असेल तेव्हा काठावरून प्रवचन चालत नाही, उडी टाकावी लागते. धृतराष्ट्राने दुर्योधनाला कधी ठामपणे नाही म्हटले नाही. त्याचे फळ अठरा अक्षौहिणींनी भोगले. परंतु आयटीआयला जाणे म्हणजे जुगार नव्हे. आपल्याला जे आवडत नाही आणि जे अधर्म आहे, ही दोन निरनिराळी गाठोडी आहेत. आपण बाप लोक ती घाईने एकाच दोरीत बांधतो.

आणि हे सगळे मुलांचे झाले. मुलीला तर विचारण्याचा प्रसंगच आपण येऊ देत नाही. दहावी झाली की स्थळ पाहतो आणि वर मला पत्रिकेवर आशीर्वाद लिहा म्हणतो. मी आता जन्मतारीख विचारतो. अठराच्या आत मुलीचे आणि एकविसाच्या आत मुलाचे लग्न 2006 च्या कायद्याने निषिद्ध आहे, आणि लावून देणाराही दोषी ठरतो. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. काही मंडळी माझ्यावर रुसली आहेत. रुसोत. मुक्ताबाई ज्ञानोबारायांहून लहान, परंपरेप्रमाणे चार वर्षांनी. ज्ञानोबाराय रुसून ताटी लावून बसले तेव्हा थोरल्या भावाला समजावण्यास ती लहानगी उभी राहिली. ताटीचे अभंग म्हणून आपण तिचे शब्द अजून गातो. तिचे ऐकून ताटी उघडली गेली. खुद्द ज्ञानोबारायांचे वय तरी किती? परंपरेने जन्म शके 1197, आणि नेवाशास ज्ञानेश्वरी झाली शके 1212 मध्ये. पंधरा वर्षे! मनगट धरून पाया पडण्यास आणतो तेच हे वय. प्रत्येक पोर ज्ञानेश्वर नसते, हे मला कळते. पण प्रत्येक घरात निवृत्तिनाथ तरी कोठे आहेत? थोरल्याने धाकट्याला बोलू दिले, म्हणून ती टीका आपल्याला मिळाली.

आपल्या संप्रदायाच्या लोकांना जिव्हाळ्याची आणखी एक गोष्ट आहे, ती टाळून भागणार नाही. माळेची. “घराण्यात पिढ्यान्पिढ्या माळ आहे, आणि हा नको म्हणतो, तुम्हीच याच्या गळ्यात घाला,” असे म्हणून कित्येक बाप मुलांना घेऊन येतात. पूर्वी मी घालीत असे. आता मी मुलाला एकट्याला बाजूला घेऊन बसतो. माळ म्हणजे काय ते सांगतो. मद्यमांस वर्ज्य, एकादशी, नित्य हरिपाठ, वर्षाची वारी. मग विचारतो, “तुला काय अडचण वाटते?” एकाने सांगितले, “होस्टेलात मित्रांबरोबर अंडी खातो महाराज, खोटं कसं बोलू?” मला त्याचा आनंद झाला. जो माळेपाशी खोटे बोलण्यास भितो, त्याच्या मनात माळ गेलेली आहे, गळ्यात नसेना का. त्याला सांगितले की सावकाश ये. घाई तुझ्या बापाला आहे, पांडुरंगाला नाही, तो विटेवर अठ्ठावीस युगे थांबलेला आहे. बाप माझ्यावर नाराज झाला. तीन वर्षांनी आषाढीला तो मुलगा एकटाच आला, दोन दिवस आधी फोन करून, आणि म्हणाला, “आता चालेल.” दुसरा एक अजून आलेला नाही. येईलच असे मी म्हणत नाही. त्याच्या बापाला मी एवढेच सांगतो की तुमचा हरिपाठ त्याच्या कानावर पडेल इतक्या मोठ्याने चालू ठेवा, आणि म्हणताना त्याच्याकडे पाहू नका.

त्या वायरमन होऊ पाहणाऱ्या मुलाची गोष्ट अर्धी राहिली. घरच्यांशी त्याचे हळूहळू जुळले. बाप भोसरीला जाऊन आला, दुकानाच्या बाकावर दिवसभर बसला, काही बोलला नाही, आणि परत येताना पोराने भरलेल्या मोटरचा जळका तांब्याचा वेढा पिशवीत घालून घेऊन आला. हे मला पुढे कोणी तरी सांगितले. माझी आणि त्या मुलाची भेट नव्हती. खरे सांगायचे तर मीच टाळीत होतो.

2019 च्या आषाढी वारीत माउलींची पालखी लोणंदला असताना आमच्या दिंडीच्या पाण्याच्या टँकरची मोटर बंद पडली. बायका हंडे-कळश्या घेऊन ताटकळत उभ्या. कोणी तरी म्हणाले, पलीकडच्या दिंडीत एक मिस्त्री चालतोय, त्याला बोलवा. तीस-एकतीस वर्षांचा, राकट, गळ्यात माळ, खांद्याला अवजारांची पिशवी. अर्ध्या तासात त्याने मोटर चालू केली. मी जवळ गेलो तसा तो उभा राहिला आणि म्हणाला, “महाराज, ओळखलंत का?”

वारकऱ्यांत पाया पडणाऱ्याच्या पाया पडतात, तेथे लहानमोठे नसते. पण त्या दिवशी मी आधी वाकलो. तो गडबडून मागे सरला. “नका महाराज, पायाला ग्रीस हाय.” मी म्हटले, “असू दे. पंधरा वर्षांपूर्वी तुझ्या घरी उतरलो होतो, तेव्हा तुला काही तरी सांगायचे होते. मी विचारले नव्हते. आता सांगतोस?”

तो हसला. टँकरच्या सावलीत पिशवी अंथरून त्याने मला जागा करून दिली, आणि सांगू लागला.